अनुभव धागा : ‘विश यू वेअर हिअर’ सलग ऐकताना

काल रात्री पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम फोनवर लावला, तेव्हा शफल चालू राहिले होते आणि चौथे गाणे भलत्याच गाण्यानंतर सुरू झाले. एरवी तिसऱ्या गाण्याच्या शेवटी आवाज एकदम आक्रसतो, जुन्या रेडिओतून आल्यासारखा होतो, कुणीतरी स्टेशने बदलत असताना चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा निसटता ऐकू येतो आणि मग रेडिओतल्या गिटारला साथ द्यायला दुसरी गिटार अगदी आपल्या शेजारी वाजू लागते. काल हा सांधाच तुटला आणि मला ज्याने हा अल्बम पहिल्यांदा ऐकवला तो मित्र आठवला. कॅसेटची बाजू बदलण्याखेरीज उठायचे नाही, एवढीच त्याची अट होती. आठ मिनिटे उलटली तरी कुणी गात नाही, म्हणून मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याने डोळे न उघडता नुसता हात वर केला. तो आता हयात नाही. तुम्ही हा अल्बम प्रथम कसा ऐकलात, ते अवश्य लिहा.

प्रतिसाद :
तो रेडिओसारखा आवाज सुरू झाला तेव्हा स्पीकर बिघडला असे वाटून मी उठून वायर हलवू लागले होते. थोरल्या बहिणीने मला हाताला धरून खाली बसवले.

प्रतिसाद :
माझ्यासाठी सिड बॅरेटची हकीकत वाचल्यानंतर हा अल्बम बदलला. १९६८ मध्ये बँडपासून दूर झालेला हा संस्थापक ५ जून १९७५ रोजी, याच अल्बमचे काम चालू असताना, ॲबी रोड स्टुडिओत अचानक आला. त्याने डोके आणि भुवया भादरल्या होत्या, शरीर स्थूल झाले होते, आणि ज्यांनी त्याच्या आठवणीत या अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटी येणारी नऊ भागांची, सुमारे २६ मिनिटांची रचना केली होती त्या जुन्या सोबत्यांनाही तो आधी ओळखू आला नाही. तेव्हापासून त्या रचनेतले गिटारवादक गिल्मरचे ते चार स्वर मला कुणाला तरी हाक मारल्यासारखे वाटतात, आणि प्रत्येक वेळी मी उत्तराची वाट पाहतो.

प्रतिसाद :
मला मात्र तिसरे गाणे खटकते, कारण ते गाणाऱ्या पाहुण्या गायकाचा, रॉय हार्परचा, आवाज बाहेरचा वाटतो.

प्रतिसाद :
तो बाहेरचा वाटतो हेच मला योग्य वाटते. ते गाणे संगीताचा धंदा करणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे आणि त्याला बँडबद्दल काडीचीही आस्था नाही.

प्रतिसाद :
वडील रुग्णालयात असताना मी रात्री त्यांच्या उशाशी बसून हा अल्बम हेडफोनवर ऐकत असे. सुरुवातीच्या लांबलचक सुरात काचेच्या पेल्यांच्या ओल्या कडांवर बोट फिरवून काढलेला नाद मिसळलेला आहे, आणि त्याने मला खरोखर धीर दिला. मात्र दुसरे गाणे यंत्राच्या धडधडीने सुरू होते, आणि त्या खोलीत ती धडधड ऐकताच मी हेडफोन काढून वडिलांच्या उशाजवळच्या यंत्राकडे पाहिले. वडील बरे होऊन घरी आले, तरी ते गाणे मी अद्याप पूर्ण ऐकू शकलेलो नाही.

प्रतिसाद :
वरचा अनुभव वाचून गलबलून आले. थोडे विषयांतर करून विचारते, चौथ्या गाण्याच्या शेवटच्या वाऱ्यात जॅझ व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीचे व्हायोलिन कुणाला ऐकू आले आहे का?

प्रतिसाद :
मूळ अल्बममध्ये ते जवळजवळ ऐकूच येत नाही. २०११ च्या विस्तारित आवृत्तीत त्याच्या वादनासह ते गाणे स्वतंत्रपणे दिले आहे. वादन सुंदर आहे, पण इतके भरलेले गाणे मला नको वाटले.

धागाकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. आज शफल बंद करून ४४ मिनिटे सलग ऐकला. अगदी शेवटी, सूर विरत असताना, बँडचा कीबोर्डवादक राइटच्या सिंथेसायझरवर बॅरेटच्या १९६७ मधील ‘सी एमिली प्ले’ या गाण्याची ओळ पुसटशी येते. ती जागा मला मित्राने दाखवली होती, आणि आज ती हाती लागेपर्यंत मी आवाज वाढवत गेलो.