दारूचा थेंब नाही, तरी भावाला स्वादुपिंडाचा जुनाट दाह

भाऊ २६ वर्षांचा. दारू कधीच नाही, तरी स्वादुपिंडात खडे निघाले. जेवला की पोट धरून ओणवा बसतो. तपासणीत स्पिंक-१ जनुकात एन३४एस बदल आला. नातेवाईक अजून ‘चोरून पीत असेल’ म्हणतात, फार लागतं ते. माझ्या मुलीलाही होईल का?

उत्तर १: ताई, माझ्यातही तोच बदल आहे. हे जनुक ट्रिप्सिन या स्वादुपिंडातल्या पाचक द्रव्याला आवर घालणारं प्रथिन बनवतं. आपल्याकडच्या रुग्णांत तो बराच आढळतो, पण तो असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही.

उत्तर २: पीआरएसएस-१ या दुसऱ्या जनुकातला बदल वेगळा, १९९६ मध्ये सापडलेला. तिथे एका पालकाकडून आलेली एकच बदललेली प्रत आजाराला पुरते.

प्रश्नकर्ती: भाऊ सिगारेट ओढतो.

उत्तर १: ती आधी सोडवा! आणि रक्तातली साखर तपासत राहा, माझी पस्तिशीतच वाढली.