प्रतिसाद: कापसाचा बोळा पुरत नाही

वर एका काकांनी लिहिलंय की फायरिंग रेंजवर कानात कापसाचा बोळा कोंबला की भागायचं. काका, राग मानू नका, पण नाही भागत. रायफलच्या एका बाराचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १५५-१६० डेसिबलपर्यंत जातो, १५५ मिमी तोफेजवळ १७० च्याही वर. अशा क्षणिक आवाजाची सुरक्षित मर्यादा १४० धरतात. कापूस त्यातलं फारच थोडं अडवतो, आणि कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

कानात घालायचे फोमचे प्लग स्वस्त असतात, पण बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. आधी बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. समोरून प्लगचं टोक दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. तोफेवर प्लग आणि वरून इअरमफ (अख्खा कान झाकणारे), दोन्ही.

खरी अडचण गस्तीवर. तिथे पावलांची चाहूल लागायला हवी, म्हणून जवान प्लग काढतोच. त्यासाठी हळू आवाज आत सोडणारे, धमाका अडवणारे प्लग असतात. पण तेही नीट बसायला हवेत. अमेरिकी सैन्यातले असेच दुतोंडी (दोन्ही टोकांनी घालता येणारे) प्लग आखूड पडून सैल होतात, असे लाखो दावे झाले आणि २०२३ मध्ये ते विकणाऱ्या थ्रीएम कंपनीने सुमारे ६ अब्ज डॉलरची तडजोड केली (दोष मात्र कबूल केला नाही!).

फायरिंगनंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू कमी आलं, तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नका, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.