वजन फार नाही तरी शुगर आणि बीपी दोन्ही बॉर्डरवर, आधी काय धरू?

निशिगंध३९:
वय ३९, दिवसभर खुर्चीत बसून काम, वर येण्याजाण्यात दोन तास. चेकअपमध्ये एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ६.१ आलं आणि बीपी १३८/८८. वजन तसं फार नाही, फक्त पोट सुटलंय. आईवडिलांना हे साठीनंतर झालं, आमच्या टीममध्ये चाळिशीच्या आतच चाललंय. शहरातल्या राहणीमुळेच का हे? डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत बघू, तोवर शुगर धरू, बीपी धरू की वजन?

पाऊलवाट:
वेगवेगळं धरूच नका. तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा पोटातली चरबी असते, म्हणजे कातडीखालची नव्हे, लिव्हर आणि आतड्यांभोवतीची. ती वाढली की इन्सुलिनचा असर कमी होतो, मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि जास्तीच्या इन्सुलिनमुळे किडनी मीठ धरून ठेवते की बीपी चढायला लागतं. आशियाई लोकांत ही चरबी कमी वजनातच साठते म्हणून आपल्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ पासूनच जोखीम धरतात. काट्यापेक्षा टेपने कंबर मोजा, पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८० च्या वर गेली तर लक्ष द्यायलाच हवं.

सावली_दुपारची:
शहराचं विचारलंत म्हणून सांगते, हो, बराच वाटा त्याचाच. पूर्वी हालचाल कामातच होऊन जायची, आता त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो आणि तोच नसतो. झोप कमी, जेवण उशिरा, पाकिटातलं खाणं आणि त्यातलं मीठ. १९९० पासून जगात मोठ्या माणसांमधला लठ्ठपणा दुपटीहून जास्त झालाय, एवढे सगळे एकदम आळशी झाले का? चालायला धड फुटपाथ नाही आणि वर माणसालाच दोष द्यायचा, हे मला अजिबात पटत नाही.

निशिगंध३९:
पटलं. पण माझ्या वेळेत बसेल असं काय?

पाऊलवाट:
६.१ म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या आधीची पायरी, ६.५ पासून डायबिटीस, म्हणजे अजून वेळ आहे. अमेरिकेत अशाच लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापून आला. सात टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच टार्गेट, तरी डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. एका दमात तास नाही मिळाला तरी चालेल, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, चालताना स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा.

सावली_दुपारची:
आणि बीपी घरी मोजा, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर, मिनिटभराने परत एकदा. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागदच डॉक्टरांना दाखवा. सरासरी १३५/८५ च्या वर येत असेल तर तीन महिने थांबू नका, लगेच जा.