नोटीस लागलेल्या शिरीषात धनेशाची मादी बसली आहे, काय करू?

गोरेगाव पूर्वेला राहते. शेजारच्या प्लॉटवर जुना विलायती शिरीष आहे. त्याच्या ढोलीत तीन वर्षं राखी धनेश पक्ष्यांची जोडी येते. यंदा मार्चअखेर मादी आत गेली आणि तिने ढोलीचं तोंड लिंपून घेतलं, बोटभर फट ठेवून. नर घशात उंबरं भरून आणतो, एकेक वर काढून फटीतून देतो. परवा एका फेरीत अकरा मोजली. काल खोडावर तोडीची नोटीस दिसली. प्लॉटवरची माणसं म्हणतात, बदल्यात पाच रोपं लावू. रोपांनी भागतं का हो? मला रात्रभर झोप नाही.

मुलुंडहून: नाही भागत, ताई. तांबट, सुतार स्वतः भोक कोरतात, धनेशाला ते जमत नाही. जुनी फांदी मोडून, आतलं लाकूड कुजून झालेली पोकळी त्याला लागते. रोपाला तशी ढोली कधी धरायची? शिवाय आत असताना मादीची उडायची पिसं झडतात. आज करवत लागली तर तिला उडून जाताही येणार नाही. आसपासचे वड-उंबरही जपा. धनेश फळं खाऊन बिया लांब नेऊन टाकतो, नवी झाडं त्यातूनच उगवतात.

आरेतल्या पाड्यावरून: ताई, उशीर नका करू. २०१९च्या ऑक्टोबरात इथे मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं दोनेक दिवसांत आडवी झाली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सकाळी चिकाचा वास पाड्यापर्यंत येत होता. आमची आई वाघोबाला हात जोडून नुसती उभी होती.

दादरहून: १९७५च्या झाडांच्या कायद्याखाली लेखी हरकत घ्या, नोटिशीवरची मुदत चुकवू नका. वन्यजीव कायदा, १९७२ प्रमाणे रानपक्ष्याच्या घरट्याला, अंड्यांना धक्का लावणं हे शिकारीतच मोडतं. नर भरवतानाचा तारखेसह व्हिडिओ जोडा. एक प्रत वृक्ष प्राधिकरणाला, एक वनविभागाला, दोन्हीकडे पोच घ्या.

मूळ प्रश्नकर्ती: दोन्हीकडे अर्ज दिले, पोच मिळाली. व्हिडिओत चोचीतलं उंबर स्पष्ट दिसतंय. सहा वाजल्यापासून गच्चीवर आहे, नराच्या चार फेऱ्या झाल्या. फटीतून तिची चोच बाहेर येतेय.