१/१० क्रॉलर (दगड चढणारी रिमोटची गाडी) नाल्याच्या चढावर पुढून उचलतो, सर्व्होही (चाकं वळवणारी मोटर) दम सोडतो. आधी काय बदलावं?

नाल्याकाठचा
राम राम मंडळी. गाव अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गाडी १/१० ची, व्हीलबेस ३१३ मिमी, १.९ इंची टायर, ३५ टर्न ब्रश्ड मोटर, पिनियन (मोटरवरचं लहान गिअर) १५ आणि स्पर (त्याला जुळणारं मोठं गिअर) ५६ दात. बॅटरी २एस (दोन सेलची लिपो) हार्डकेस, २५० ग्रॅमची, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे बसवलेली. सर्व्हो २५ किलो जोराचा, रिसीव्हरमधूनच (रिमोटचा सिग्नल घेणारी डबी) चालतो.

अडचणी तीन आहेत. काळ्या दगडाच्या उभ्या पायरीवर पुढची चाकं हवेत जातात आणि गाडी मागे उलटते. चाक दगडात अडकलं असताना स्टिअरिंग वळवलं की रिसीव्हर क्षणभर बंद पडून परत चालू होतो. आणि वावरातून नाल्यापर्यंत जाईस्तोवर टायर मातीने थापून गोल होतात. सगळं एकदम घेणं परवडणार नाही. मी तर आधी ५५ टर्न, म्हणजे आणखी सावकाश फिरणारी, मोटर घ्यायच्या विचारात होतो. क्रम सांगा.

वऱ्हाडी_गिअर
भाऊ, मोटर राहू द्या. तुमची गाडी ताकद कमी पडून नाही, वजन चुकीच्या जागी असल्यामुळे उलटते. आधी मोजून घ्या. किराण्याच्या डिजिटल काट्यावर फक्त पुढची दोन चाकं ठेवा आणि मागच्या चाकांखाली काट्याच्याच उंचीची वीट किंवा वह्या. बॅटरी आणि बॉडी लावूनच मोजायचं. पुढचा आकडा भागिले एकूण वजन. चढाच्या गाडीला पुढे ५५ ते ६० टक्के हवेत. मागे बॅटरी असलेल्या गाडीत हा आकडा बहुतेक वेळा पन्नाशीच्या आत निघतो.

हिशेब करून दाखवतो. समजा एकूण २६०० ग्रॅम, त्यात पुढे १२५०, म्हणजे ४८ टक्के. २५० ग्रॅमची हार्डकेस काढून १२० ग्रॅमच्या आसपासची २एस २२०० सॉफ्ट पॅक पुढच्या ॲक्सलच्या जरा मागे, रेल्सच्या मधोमध, जमेल तितकी खाली आडवी बसवा. एवढ्यानेच आकडा ५३ वर जातो आणि गाडी १३० ग्रॅमने हलकीही होते. पुढच्या प्रत्येक चाकात ७० ग्रॅम आणि प्रत्येक नकलवर (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) ४० ग्रॅम पितळ टाकलं की एकूण २६९०, पुढे १५३०. झाले ५७ टक्के.

वजन चाकात आणि ॲक्सलवरच का, तर ते शॉक ॲब्सॉर्बरच्या खाली असतं. बंपरवर किंवा बॉडीत तेवढंच वजन टाकलं तर पुढचा आकडा वाढेल, पण गुरुत्वमध्यही वर जाईल आणि आडव्या उतारावर गाडी कुशीवर पडेल. छतावर जेरीकॅन, स्टेपनी, लाइटबार असेल तर आजच उतरवा. शंभर ग्रॅम छतावरून काढणं हे खाली कितीतरी जास्त शिसं भरण्यासारखं आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

पितळी वजनं ऑनलाइन महाग वाटली तर टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगसाठी ५ आणि १० ग्रॅमचे चिकट तुकडे मिळतात. रिम आतून स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा, तुकडे गोलाईत सारख्या अंतरावर लावा, वरून कापडी टेपचा एक वेढा. तुकडे शिशाचे असतील तर हात धुवा आणि लेकरांच्या हाती देऊ नका. दर चाकाला १०० ग्रॅमच्या वर मात्र जाऊ नका. तिथून पुढे स्टिअरिंग जड होतं आणि पुढच्या ॲक्सलचे युनिव्हर्सल जॉइंट आधी तुटतात.

सोल्डर_आणि_शिसं
वजनाचं वरच्या दादांनी बरोबर सांगितलं. रिसीव्हर बंद पडण्याचं कारण विजेचं आहे. चाक अडकल्यावर २५ किलोचा सर्व्हो ३-४ अँपियर सहज ओढतो. ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसीची (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग) क्षमता साधारण २-३ अँपियरची. मागणी वाढली की व्होल्टेज कोसळतं आणि त्याच तारेवर जगणारा रिसीव्हर रिसेट होतो. पुढे वजन टाकल्यावर हा त्रास वाढणार, म्हणून ही दोन्ही कामं एकत्रच काढा.

वेगळा बीईसी घ्या, किमान ५ अँपियर सलग देणारा. लावण्याआधी मल्टिमीटरने त्याचं आउटपुट तपासा. सर्व्होवर ६ व्होल्टची मर्यादा लिहिली असेल तर ६ च ठेवा, ७.४ दिलं तर सर्व्हो जळतो. बीईसीच्या इनपुटच्या तारा बॅटरीच्या कनेक्टरवर, ईएससीच्या तारांसोबत डाग द्या. सर्व्होची लाल आणि काळी तार बीईसीला, सिग्नलची तार रिसीव्हरला. इथेच बहुतेक जण चुकतात: रिसीव्हरची काळी तार आणि बीईसीची काळी तार एकमेकींना जोडलेली हवी. ग्राउंड एक नसेल तर सर्व्हो थरथरतो किंवा हलतच नाही. ईएससीची लाल तार रिसीव्हरला तशीच राहू द्या, ती आता फक्त रिसीव्हर चालवेल. बीईसीची लाल तार रिसीव्हरमध्ये नेऊ नका, दोन सप्लाय एकमेकांवर चढतात.

त्यानंतर रिमोटवर एंड पॉइंट (सर्व्हो किती वळावा याची मर्यादा) लावा. चाकं हवेत धरून पूर्ण वळवा. सर्व्हो घुंघुं करत राहिला तर तो नकलच्या थांब्यावर जोर लावतोय. आवाज थांबेपर्यंत टक्के कमी करा. हॉर्न (सर्व्होवर बसणारा छोटा दांडा) प्लॅस्टिकचा असेल तर २५ दातांचा धातूचा टाका आणि त्याच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला न होऊ देणारा गोंद). थ्रेडलॉक धातूत धातूच असेल तिथेच वापरायचं, प्लॅस्टिकला लागलं की काही दिवसांत तडे जातात. सर्व्हो चेसिसवर असेल तर ड्रॅग लिंक (सर्व्होकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड बार (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) समांतर आहेत का तेही बघा. नसतील तर सस्पेन्शन दबताच चाकं आपोआप वळतात.

काळीमाती
यवतमाळकडून. ओल्या काळ्या मातीला टायर बदलून उपाय नाही. माती फेकायला चाकाचा वेग लागतो, क्रॉलरला तो नसतो. वावरात वाफसा आला की जा. त्याआधी धुऱ्यावरून किंवा पांदणीने, नाही तर गाडी हातात घेऊन नाल्यापर्यंत.

नाल्यातल्या स्वच्छ, घासलेल्या बेसाल्टवर मऊ रबराचा टायर चांगला धरतो. मुरमावर तोच टायर घसरतो, कारण खडे टायरखाली फिरतात. तिथे मोठ्या गुट्ट्यांचा हवा. एकच जोडी घ्यायची तर दगडासाठी घ्या. पण टायरपेक्षा फोम महत्त्वाचा. कंपनीचा फोम कडक असेल तर टायर दगडावर पसरत नाही. पुढे मऊ फोम, मागे त्याहून थोडा कडक. पाण्यात नेत असाल तर टायरच्या मधल्या पट्टीवर समोरासमोर दोन, ३ मिमीची भोकं पाडा, म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जाईल. फोमने पाणी धरलं तर चाक जड होतं आणि वजनाचा सगळा हिशेब बिघडतो.

बाभळीच्या काट्याची चिंता नको, टायर हवेवर नाही. कापसाचे धागे आणि गवत मात्र ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटला आणि चाकामागे गुंडाळून बेअरिंगचं सील खातात. परत आल्यावर चारही चाकं काढून ब्लेडने कापा.

नाल्याकाठचा
खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. मोटर ३५ टर्नच ठेवली तर पायरीवर सावकाश चढेल का? आणि आमच्याकडे दिवसा लाइन भरवशाची नाही, चार्जिंग कशावर करावं?

वऱ्हाडी_गिअर
पिनियन १५ चं १३ दाती करा, बस. गुणोत्तर ३.७३ वरून ४.३१ होतं. वेग १३ टक्क्यांनी घटतो, जोर १५ टक्क्यांनी वाढतो, आणि मोटरही कमी तापते. दाते जुळवताना पिनियन आणि स्परच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी काढा. मग स्पर हाताने पूर्ण फिरवून चार ठिकाणी खेळ तपासा, स्पर क्वचितच अगदी गोल असतो. जिथे सर्वांत घट्ट लागेल तिथे सूतभर तरी खेळ उरला पाहिजे.

ईएससीत बॅटरी प्रकार लिपो आहे ना ते नक्की बघा. निकेलच्या सेटिंगवर राहिला तर कटऑफ (बॅटरी उतरल्यावर मोटर थांबवणं) चुकतो आणि पॅक मरतो. ड्रॅग ब्रेक पूर्ण १०० टक्के, म्हणजे ट्रिगर सोडला की गाडी पायरीवर जागीच थांबेल. पुढेमागे अजून चढाई हवी झाली तर मागच्या ॲक्सलचे गिअर ३०/८ ऐवजी ३३/८ करतात. पुढची चाकं मागच्यांपेक्षा १० टक्के जास्त फिरतात आणि गाडी स्वतःला वर ओढते. तुमच्या ॲक्सलला ते दाते बसतात का हे आधी तपासा, आणि हा खर्च सगळ्यात शेवटी.

सोल्डर_आणि_शिसं
चार्जिंगला फवारणी पंपाची बॅटरी चालते. १२ व्होल्ट ८ अँपियर-तास म्हणजे ९६ वॅट-तास, त्यातली निम्मीच वापरायची. २एस २२०० पॅकला चार्जरची गळती धरून २० लागतात. दोन चार्ज निघतात. चार्जर ११ ते १८ व्होल्ट डीसी इनपुटचा, बॅलन्स पोर्टवाला (दोन्ही सेल सारखे भरणारा) घ्या आणि करंट २.२ अँपियर ठेवा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही होतं, पण चार्जर लावलेला असताना सेल्फ मारू नका.

मे महिन्यात पॅक टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही. चार्ज करताना मातीच्या कुंडीत, खाली वाळू, आणि माणूस जवळ. आठवडाभर वापर नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. फुगलेला पॅक परत चार्जला लावू नका.

काळीमाती
आणि एक. नाला मेळघाटच्या जंगलहद्दीत शिरत असेल तर अलीकडेच थांबा. गावाच्या बाजूलाही तसाच दगड पुरेसा आहे.