वसतिगृहाबरोबर मेसची सक्ती कशासाठी?

गोदाकाठ
मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहाबद्दल माझी तक्रार नाही. रेक्टर मॅडम कडक आहेत, रात्री हजेरी होते, मुलगी गावी निघाली की आधी आम्हाला फोन येतो. नांदेडला आम्हाला झोप लागते ती त्यामुळेच. भांडण आहे ते मेसशी. खोली हवी तर मेस घ्यावीच लागते, आणि पैसे वर्षाचे, एकरकमी, प्रवेशाच्या वेळीच. दिवाळीत पोरी घरी, परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी, तरी रुपया परत मिळत नाही. रविवारी दुपारी फीस्ट असते, पुरी-श्रीखंड वगैरे, आणि रात्री मेस बंद. त्या जेवणाचा खर्च पुन्हा आमच्याच खिशातून. बाकी दिवशी प्रॅक्टिकल उरकून उशिरा आलेल्या पोरींच्या वाट्याला कडा वाळलेल्या पोळ्या आणि पाणी वाढवलेलं वरण.

माझं म्हणणं सरळ आहे. मेस ऐच्छिक करा, पैसे महिन्याचे घ्या. वर्षाचे पैसे आधीच जमा झाले की पोरं जेवली काय, न जेवली काय, मेसवाल्याला फरकच पडत नाही.

सांगलीची_आई
दादा, मी याच्या पूर्ण विरोधात आहे. माझा मुलगा कॉट बेसिसवर बाहेर राहिला. डबा आवडला नाही की बंद, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी दुपारी वडापाव आणि रात्री गाडीवरचं चायनीज. दुसऱ्या सत्रात कावीळ झाली, दूषित पाण्यामुळे असं डॉक्टरांनी सांगितलं. परीक्षा बुडाली ती बुडालीच. मेसच्या भिंतीवर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला असतो, निदान तक्रार कुणाची करायची ते तरी कळतं. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरगुती डबेवाल्यांनाही नोंदणी लागते, पण ती बघायला जातो कोण? अठरा वर्षांच्या मुलांच्या हातात जेवणाचे पैसे दिले की ते जेवणावरच खर्च होतील असं धरून चालू नका. पैसे भरलेले असले की निदान दोन घास पोटात जातात.

मेसवाला_दादा
मी दोन वसतिगृहांच्या मेस चालवतो, म्हणून लिहितो. गोदाकाठ साहेब, वर्षाचे पैसे कॉलेजकडे जमा होतात, माझ्याकडे नाही. मला महिन्याचं बिल लावून मिळतं. त्यातून जागेचं भाडं, वीज, आणि वर ताटामागे कॉलेजचा हिस्सा. टेंडर ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला. एकदा दर ठरला की वर्षभर तोच. तेलाचा डबा महागला, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर महागला, तरी ताट तेवढ्यातच बसवायचं. मग पहिल्यांदा कशाला कात्री लागते? भाजीला, आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या संख्येला. चार मावशींच्या जागी दोन राहिल्या की गरम पोळी शेवटच्या पोरीपर्यंत कशी पोहोचणार? त्या पोळ्या संध्याकाळीच लाटून ठेवाव्या लागतात. तुमची मुलगी म्हणते ते खरं आहे, फक्त त्याचं मूळ माझ्या स्वयंपाकघरात नाही.

उदगीरचा
सगळ्यांची चर्चा चवीवर चालली आहे. मी पैशावर बोलतो. मी स्वाधार योजनेवर शिकतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर हा आधार असतो. २०१६-१७ला योजना सुरू झाली तेव्हा पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यातले जेवणाचे ३२,०००. दहा महिने धरले तर महिन्याला ३,२०० होतात. अर्ज, पडताळणी, हजेरी हे सगळं झाल्यावर पैसे खात्यात येतात. खाजगी वसतिगृहाला मात्र प्रवेशाच्या दिवशी वर्षाची मेस रोख हवी. माझ्या वडिलांनी ते पैसे व्याजाने काढले. काकू, सक्तीने पोट भरतं हे तुमचं बरोबर असेल, पण ती सक्ती कर्ज काढून पाळावी लागते तेव्हा महिन्याला तीन हजार आणि वर्षाचे एकदम तीसहजार यांतला फरक फार मोठा असतो. मला मेस हवीच आहे. हप्ते हवेत.

कृषीपदवीधर
आमच्या वसतिगृहाची मेस पोरंच चालवायची. दर महिन्याला नवा सेक्रेटरी, महिनाअखेर एकूण खर्च भागिले एकूण ताटं, ज्याची जितकी ताटं तितकं त्याचं बिल. गावी जायचं तर आदल्या दिवशी वहीत कट लावायचा. पहाटे सेक्रेटरी आचाऱ्याबरोबर भाजी आणायला जायचा, आणि वांगी किडकी निघाली तर रात्री त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागायचं. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. खेड्यातून आलेली मुलं वसतिगृहाच्या कामात हात लावून शिकतात, ही तिथली रीत. या महाराष्ट्रात वसतिगृह म्हणजे असंच होतं.

एक गोष्ट पालकांना वाईट वाटेल, तरी लिहितो. वरणाचा फोटो रोज रात्री घरच्या ग्रुपवर जातो, आणि वडील नांदेडहून रेक्टरना फोन लावतात. भांडायचं ते त्या पोरींनी भांडावं, मेस कमिटीवर बसावं. तुम्ही मधे पडलात की कॉलेजही तुमच्याशीच बोलतं, मुलींना कुणी विचारत नाही.

गोदाकाठ
साहेब, फी मी भरतो, पावती माझ्या नावाची आहे, म्हणून हिशोब मी मागणार. कमिटीत मुली जरूर असाव्यात. पण दर कमिटी ठरवत नाही, टेंडरही ती काढत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला इंटर्नल मार्कांची भीती असते हे तुम्हालाही माहीत आहे. मेसवाले दादा, ताटामागे कॉलेजचा हिस्सा असतो हे मला आजच कळलं. तो पावतीवर वेगळा दाखवावा, ही मागणी मी पालकसभेत लेखी देणार आहे. ताई, तुमच्या मुलाचं वाचून जीव हळहळला. पण सक्तीची मेस असूनही माझी मुलगी रात्री बिस्किटांवर झोपते, त्याचं काय करू?

सांगलीची_आई
मेस सुधारा, बंद करण्याची मोकळीक देऊ नका. उदगीरच्या मुलाला हप्ते मिळालेच पाहिजेत, त्यात दुमत नाही.

मेसवाला_दादा
महिन्याची नोंदणी २५ तारखेपर्यंत पक्की द्या आणि सलग चार दिवसांच्या वरच्या रजेचे पैसे वळते करा, मी उद्यापासून तयार आहे. आयत्या वेळी ताट नको म्हटलेलं मला परवडत नाही, कणीक दुपारीच मळलेली असते. आणि तो ताटामागचा हिस्सा कॉलेजने सोडला तर तेवढ्या पैशात तिसरी मावशी मी लगेच ठेवतो. पालकसभेला बोलावलं तर मी बिलांची फाईल घेऊन येईन.