'व्हायटल कपॅसिटी'ला 'दमसास' म्हणता येईल का?

प्रश्न: फुफ्फुसांच्या तपासणीवरचा मजकूर मराठीत लिहितोय. टायडल व्हॉल्यूम, व्हायटल कपॅसिटी आणि रेसिड्युअल व्हॉल्यूमपाशी अडलोय. व्हायटलसाठी 'जैविक क्षमता' सापडलं, पण ते निर्जीव वाटतं. गवई म्हणतात तो 'दमसास' चालेल?

उत्तर: शब्द झकास, पण इथे घोटाळा करील. दमसासात हवा किती मावते यापेक्षा ती किती पुरवता येते याला महत्त्व. व्हायटल कपॅसिटीत पुरवण्याचा प्रश्नच नाही. छाती गच्च भरून घ्यायची आणि पार रिकामी करायची; बाहेर आली तेवढी हवा मोजायची. प्रौढांत ढोबळमानाने साडेचार लिटर, उंची, वय आणि लिंगाप्रमाणे कमीजास्त.

'व्हायटल' हे विशेषण इंग्लिश डॉक्टर जॉन हचिन्सन यांचं. पाण्यात उपडी ठेवलेली टाकी, नळीतून फुंकलं की ती वर उचलली जाणार, असं त्यांचं उपकरण. दोन हजारांहून जास्त माणसं मोजून १८४६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: उंचीबरोबर हा आकडा वाढतो. त्यावरून आयुर्मानाचा अंदाज बांधता येईल, आयुर्विम्यालाही उपयोग होईल, असं त्यांना वाटत होतं. 'जैविक'मध्ये यातलं काहीच उतरत नाही. मी सरळ 'कमाल उच्छ्वास क्षमता' लिहीन.

टायडलला 'भरती' मात्र नको. भरती म्हटलं की ओहोटी बाहेर राहते, आणि इथे तर दोन्ही हवीत. 'सहज श्वासाचं आकारमान' पुरे. ते सुमारे ५०० मिलिलिटर. त्यातले दीडशेक श्वासनलिकांतच राहतात, रक्तापर्यंत पोचत नाहीत.

आणखी एक: आकारमान आणि क्षमता यांची अदलाबदल करू नका. दोन किंवा जास्त आकारमानांची बेरीज म्हणजे क्षमता.

दुसरा वाचक: रेसिड्युअल म्हणजे कितीही फुंकलं तरी आत उरणारी हवा ना? मग बाहेरच न येणारी हवा मोजतात कशी?

उत्तर: साध्या स्पायरोमीटरने, म्हणजे फुंकलेली हवा मोजणाऱ्या उपकरणाने, नाहीच मोजता येत. म्हणून त्या चाचणीच्या अहवालात फुफ्फुसांची एकूण क्षमता नसते. ही 'शेष हवा' सुमारे १.२ लिटर.

एक युक्ती हेलियमची, कारण तो रक्तात जवळपास विरघळत नाही. समजा उपकरणात ३ लिटर हवा, तीत १० टक्के हेलियम. साधा उच्छ्वास संपताच माणसाला नळीशी जोडलं, आतबाहेर श्वास चालू ठेवला आणि प्रमाण ६ टक्क्यांवर स्थिरावलं. म्हणजे एकूण जागा ५ लिटर, त्यातली २ फुफ्फुसांची. यातून जोर लावून आणखी बाहेर काढता येणारी हवा वजा केली की शेष हवा उरते.

दुसरी पद्धत काचेच्या बंद पेटीत बसवून, बॉइलच्या नियमावर (दाब वाढला की हवेचं आकारमान त्याच प्रमाणात घटतं). रोगी फुफ्फुसात अडकून पडलेली हवा हेलियमच्या हिशेबातून निसटते, पेटीच्या नाही. दमेकऱ्यांत म्हणूनच दोन्हींचे आकडे जुळतीलच असं नाही.

प्रश्न: मग 'उच्छ्वास' की 'निःश्वास'?

उत्तर: उच्छ्वास. निःश्वास माणूस सुटकेचा टाकतो. आणि सूचना लिहिताना तर दोन्ही नकोत, 'जोरात फुंका, फुंकत राहा' एवढंच लिहा. पहिल्या सेकंदात किती हवा सुटली हेच बघायचं असतं. तिथे शब्द कळायला वेळ लागला तर फुंकच वाया जाते.